जावयाचा समुद्र

जावयाला एखादा छंद असावा, असे प्रत्येक मुलीच्या आईला वाटते. छंद असलेला माणूस संध्याकाळी घरी सापडतो. मात्र तो छंद कपाटात मावणारा असावा. टपालाची तिकिटे, जुन्या तबकड्या, फार तर एखादी बाजाची पेटी. आमच्या जावईबापूंनी समुद्र पाळला आहे.

हे मी अलंकारिक भाषेत म्हणत नाही, बरे का! न्यू जर्सीतल्या त्यांच्या घरी दिवाणखान्यात चार फूट लांबीची काचेची पेटी आहे आणि तीत सुमारे ३०० लिटर खारे पाणी आहे. हे पाणी समुद्रावरून आणलेले नाही, घरी केलेले आहे. नळाचे पाणी गाळण्यांच्या एका माळेतून काढून त्यातले क्षार आधी पार घालवायचे, आणि मग दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्राचे मीठ त्यात विरघळवायचे. आधी सगळे काढायचे आणि मग सगळे घालायचे, हा खटाटोप मला पहिल्या दिवशी वेडेपणाचा वाटला. पण नळाच्या पाण्यातून तांब्याचा नुसता अंश आला तरी या पेटीतले नाजूक जीव दगावतात, हे कळल्यावर मी गप्प बसले.

पेटीत दोन नारिंगी पट्टेरी मासे आहेत; पण ते पाहुण्यांच्या मुलांना दाखवण्यापुरते. खरे मानकरी म्हणजे प्रवाळ. एकाला सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या, एक थाळीसारखे पसरलेले, तर एकाची बोटे दिवसभर पाण्यात झुलत असतात. मला आधी ती झाडेच वाटली. ते प्राणी आहेत. मुगाच्या दाण्याहून लहान अशा हजारो जीवांची ती एकत्र कुटुंबे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाड करून राहते आणि उजेडावर तयार केलेले अन्न घरमालकाला भाड्यापोटी देते. घर मात्र मालक स्वतः बांधतो, आणि तेही पक्क्या दगडाचे.

दादरच्या माझ्या एका मैत्रिणीने हे सारे ऐकून फोनवर विचारले, "मंगळाच्या अंगठीपुरतं एखादं पोवळं निघेल का गं त्यातून?" अंगठीतले लाल पोवळे भूमध्य समुद्रातले. ते या मंडळींचे नात्याने फार लांबचे. आणि आपल्याकडे हा छंद कोणी मनातही आणू नये, हे इथेच सांगून टाकते. २००१ सालापासून खडक बांधणारी सगळी प्रवाळे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला, बसलेली आहेत. मालवणच्या समुद्रात ती आहेत; ती तिथेच पाहावीत. अमेरिकेत हौशी लोक घरी वाढवलेल्या प्रवाळाची फांदी छाटून एकमेकांना देतात, आपण जास्वंदीची देतो तशी. माझ्या नातीने सहा वर्षांची असताना नखाएवढा एक तुकडा दगडाला चिकटवला होता. ती आता तेरा वर्षांची आहे आणि तो तुकडा नारळाएवढा झाला आहे. त्याला कोणी बोट लावलेले तिला खपत नाही.

आता हा दगड येतो कुठून? पाण्यातून. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम विरघळलेले असते, आणि त्याच्या जोडीला कार्बोनेटे असतात. प्रवाळ या दोहोंची सांगड घालून कॅल्शियम कार्बोनेट करते. खडू तोच, शिंपला तोच, संगमरवर तोच. खऱ्या समुद्राला त्याची फिकीर नसते; त्याचे कोठार अफाट. पण चार फुटांच्या समुद्रात नारळाएवढी आठ-दहा कुटुंबे बांधकामाला बसली, की आठवड्याभरात शिधा संपतो. मग तो बाहेरून घालावा लागतो, रोज, आणि मापून.

बाजारात त्याच्या बाटल्या मिळतात. जावईबापू त्या घेत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की बाटलीत बहुतेक पाणीच असते, आणि पाण्याला पैसे मोजायचे तर आपल्या घरचा नळ काय वाईट आहे? कोकणस्थ घरात मुलगी दिल्याचे समाधान मला त्या दिवशी झाले.

दर पंधरा दिवसांनी, रविवारी, ते स्वयंपाकघरात हे औषध करीत. मी लांबून पाही. एकतीस वर्षे मी दादरच्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवले. पण जावयाच्या कामात सासूने नाक खुपसू नये, हा नियम त्याहून जुना आहे.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी पहाटे पुण्याहून फोन आला. आमच्या विहीणबाई चार दिवस जरा भ्रमिष्टासारखे बोलत होत्या. पुतण्याला कैलासवासी व्याह्यांच्या नावाने हाक मारीत होत्या. आदल्या दिवशी त्या न्हाणीघरात पडल्या. रुग्णालयात नेल्यावर रक्त तपासले, तर सोडियम ११२. ते १३५ ते १४५ असावे लागते. रक्तदाबाची गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी, त्यात बाईंनी स्वतःच्या मनाने जेवणातले मीठ जवळजवळ बंद केलेले, आणि उष्णता होते म्हणून पाणी मात्र तांब्यामागून तांब्या. जावईबापू त्याच रात्रीच्या विमानाने गेले. माझी लेक तिकडे एका रुग्णालयात परिचारिका आहे, आणि त्या महिन्यात तिला रात्रपाळी होती. घरात उरलो मी, नात आणि समुद्र.

सोमवारी संध्याकाळी पेटीखालच्या कपाटातून घुर्र घुर्र असा आवाज येऊ लागला. तिथे एक छोटा पंप असतो. तो दोन बरण्यांतून ठरलेल्या वेळी थोडे थोडे औषध पेटीत सोडतो. तो आता हवा ओढत होता. बरण्या कोरड्या. रविवारी त्या भरायच्या, असा जावईबापूंचा बेत असणार. पण रविवारी ते आकाशात होते.

नातीने तपासणीची पेटी काढली. मला वाटले, काही यंत्रबिंत्र असेल. निघाले काय, तर माझे जुने टायट्रेशन! पाच मिलिलिटर पाणी, त्यात निळा दर्शक, आणि आम्लाचे थेंब मोजत जायचे, निळ्याचा पिवळा होईपर्यंत. आकडा आला ६.२. वहीत मागे महिनोन्‌महिने ८.३, ८.२, ८.४ असे लिहिलेले होते.

हा आकडा अल्कलिनिटीचा. हौशी लोक त्याला केएच म्हणतात आणि तो जर्मन अंशांत मोजतात. एक जर्मन अंश म्हणजे मुळात एका लिटरमध्ये दहा मिलिग्रॅम चुना. थोडक्यात, पाण्याच्या पोटात बांधकामाचा माल किती आहे त्याचे हे माप. खऱ्या समुद्रात तो साधारण सात असतो, पेटीत सात ते अकराच्या दरम्यान ठेवतात. आमच्या पेटीतली मंडळी रोज सव्वा अंशाच्या आसपास फस्त करीत होती. म्हणजे आणखी दोन दिवस असेच गेले असते, तर नातीच्या नारळावरची जिवंत साल मागे सरून खालचा पांढरा सांगाडा उघडा पडायला लागला असता. तसे झाले की ते प्रवाळ सहसा पूर्वीसारखे होत नाही.

त्याच वेळी जावईबापूंचा फोन. ते पुण्याला पोहोचून रुग्णालयात बसले होते. मी विचारले, "कशा आहेत विहीणबाई?" ते म्हणाले, "एकशे एकवीसवर आलंय. आई, केएच किती आहे?"

मला खरेच राग आला. जन्मदात्री अतिदक्षता विभागात आहे आणि या गृहस्थांना पोवळ्यांची काळजी! पण नात शेजारी उभी होती. मी आकडा सांगितला. तिकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "कृती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. पावडरी गॅरेजमध्ये आहेत. तुम्हाला जमेल. तुम्हाला नाही तर कोणाला जमेल?"

जावयाने अशी स्तुती केल्यावर कोणती सासू स्वस्थ बसेल?

कृती वाचली. रँडी होम्स-फार्ली नावाच्या एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ती २००६ साली प्रसिद्ध केली, आणि कोणीही घरी करावी म्हणून खुली ठेवली. पाककृती असावी इतकी ती सुटसुटीत आहे. पहिल्या बरणीत ५०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत ५९४ ग्रॅम खाण्याचा सोडा भाजून. दोन्हींत शुद्ध पाणी घालून प्रत्येकी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास करायचे. मला त्या ५९४ ने जिंकले. आमच्या स्वयंपाकघरात 'अंदाजाने' हा एकच वजनकाटा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि शाळेत मात्र मी मुलींना दशांश चिन्हावरून रडवले आहे. इथे प्रथमच चूल आणि प्रयोगशाळा एका ओट्यावर आल्या.

नात धावत जाऊन डबा घेऊन आली. तो बेकिंग पावडरचा होता. केक करणाऱ्या भगिनींनी हा फरक ध्यानात ठेवावा: पावडरीत सोड्याबरोबर आम्ल आणि पीठ असते, केक फुगवायला ते ठीक, समुद्रात घातले तर अनर्थ. आपल्याला हवा तो नुसता खाण्याचा सोडा.

तो थाळीत पसरून ३०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १५० सेल्सिअसवर, तासभर भाजायचा. वास येत नाही, रंग बदलत नाही, फुगत नाही; शेजारीण आली असती तर तिला वाटले असते, म्हातारी रिकामी थाळी भाजते आहे. पण आत मोठी उलथापालथ चालू असते. वाफ निघून जाते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि खाण्याच्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो. न भाजताही तो चालतो, पण भाजलेल्याने पाण्याचा सामू जरा वर राहतो, आणि बंद दारे-खिडक्यांच्या घरात तो एरवी खालीच जाऊ पाहतो. आता भाजून झाले हे ओळखायचे कसे? मी नातीला वजन करायला सांगितले आणि तोवर वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. ५९४ ग्रॅमचे ३७५ उरायला हवेत. काट्यावर भरले ३७७. हे समीकरण मी आयुष्यात फळ्यावर किती वेळा लिहिले असेन, देव जाणे. पण ओव्हनमधून बाहेर येताना पाहिले ते त्या रात्री. मला इतका आनंद झाला, की मी ती दोन ग्रॅम थाळीला चिकटली असतील की सोडा जरा कच्चा राहिला असेल यावर नातीला दहा मिनिटे व्याख्यान दिले. ती सहनशील आहे.

कॅल्शियम क्लोराइडची गंमत वेगळी. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून ते रस्त्यांवर फेकतात. आम्ही वापरले ते अर्थात खाद्यपदार्थांत चालेल इतके शुद्ध. थंड पाण्यात ते घातले की भांडे हाताला चांगले गरम लागते, खाली विस्तव नसताना. म्हणून थोडे थोडे घालायचे आणि ढवळत राहायचे. डब्याचे झाकण उघडे राहिले, तर हवेतले पाणी पिऊन त्याचा लगदा होतो. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीचा होतो तसा, पण दसपट वेगाने. भाजलेला सोडा तर कातडीला चरचरतो. हातमोजे आणि चष्मा, हे मी नातीकडून सक्तीने करून घेतले. चष्मा माझा मला होताच.

दोन्ही बरण्या भरल्या तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. नात म्हणाली, "आजी, दोन्ही एकत्र करून ओतू या ना. पेटीत गेल्यावर एकत्रच होणार आहेत."

मी काचेचा एक पेला घेतला. त्यात दोन चमचे एका बरणीतले घातले, दोन चमचे दुसरीतले. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. पण एकमेकांना भेटताच पेला दुधासारखा पांढरा झाला. थोड्या वेळाने तळाशी मऊ गाळ बसला. खडूची पूड! प्रवाळाने महिनोन्‌महिने कण कण लावून जे बांधायचे, ते एका क्षणात, आणि कोणाच्याच उपयोगाचे नाही असे. म्हणून दोन बरण्या वेगळ्या, दोन नळ्या वेगळ्या आणि दोन वेळाही वेगळ्या: सोडा रात्रभरात, कॅल्शियम दिवसा.

"मग समुद्रात दोन्ही एकत्र असून दूध कसं नाही होत?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर मॅग्नेशियम. समुद्राच्या पाण्यात ते कॅल्शियमच्या तिप्पट असते, लिटरला सुमारे १२८० मिलिग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक कुठे जमू लागला, की हे त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि वाढ अडवते. मी नातीला म्हटले, हा अंतरपाट समज. वधू-वर एकमेकांकडे धावायला अधीर झालेले असतात. मुहूर्तापर्यंत तो मध्ये धरून ठेवायचा. तिने न्यू जर्सीत दोन मराठी लग्ने पाहिली आहेत, त्यामुळे तिला पटकन कळले. त्याची तिसरी बरणीही कपाटात होती. तिच्यात मुख्य माल मॅग्नेशियम क्लोराइड, आणि जोडीला थोडे एप्सम सॉल्ट, आमच्या लहानपणी जुलाबासाठी देत तेच. पण अंतरपाट फारसा झिजत नाही. ती क्वचितच लागते.

आता माप. आमच्या ३०० लिटरला एक अंश चढवायला सोड्याचे पाणी सुमारे ५७ मिलिलिटर लागते. नातीने लगेच गुणाकार केला: ६.२ वरून ८.३ म्हणजे दोन अंशांहून थोडे अधिक, म्हणजे १२० मिलिलिटर. "आत्ता एकदम घालून टाकते. सकाळपर्यंत सगळी बरी!"

कृतीच्या कागदावर जावईबापूंच्या अक्षरात, लाल शाईने, लिहिले होते: एका दिवसात एका अंशाहून जास्त चढवू नये. घसरलेल्या पाण्याने प्रवाळ जितके दुखावते, त्याहून अधिक ते घाईने सावरलेल्या पाण्याने दुखावते. फांद्यांची टोके जळल्यासारखी पांढरी पडतात. आम्ही ठरवले, की दिवसाला १०० मिलिलिटर, तेही पंपाने दहा हप्त्यांत. त्यातले सुमारे ७० त्यांच्या रोजच्या खाण्यापोटी जाणार, उरलेल्याने अर्धा अंश वाढणार. चार दिवस लागणार. नात नाराज झाली आणि झोपायला गेली.

मंगळवारी सकाळी, म्हणजे पुण्यातल्या संध्याकाळी, फोन आला. विहीणबाईंचे सोडियम बारा तासांत १२१ वरून १३० वर गेले होते. मी म्हणाले, "देव पावला!" लेक नुकतीच रात्रपाळी करून आली होती, ती खुर्चीत बसूनच राहिली. तिचा चेहरा पाहून मला कळेना.

मग तिने समजावून सांगितले. सोडियम उतरले की मेंदूच्या पेशी फुगू लागतात. त्या बिचाऱ्या दोन-तीन दिवसांत आपल्या आतले क्षार बाहेर टाकून स्वतःला त्या पातळ पाण्याशी जुळवून घेतात. अशा वेळी बाहेरचे सोडियम एकदम चढवले, तर पेशींतले पाणी खेचले जाते आणि मज्जातंतूंवरचे आवरण फाटते. त्यातून माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो, वाचाही जाऊ शकते, आणि तेही लगेच नव्हे, काही दिवसांनी. म्हणून चोवीस तासांत आठाच्या वर शक्यतो जाऊ देत नाहीत. गोळी बंद केल्यावर विहीणबाईंची मूत्रपिंडे एकदम कामाला लागली आणि साठलेले पाणी भराभर बाहेर टाकू लागली. डॉक्टरांनी काही चुकीचे केले नव्हते; शरीरानेच घाई केली. आता ते शिरेतून साधे साखरेचे पाणी देऊन आकडा मुद्दाम खाली आणत होते.

"म्हणजे बरी होत असलेल्या माणसाला परत आजारी करताहेत?" नातीने विचारले.

"हळू बरी करताहेत," लेक म्हणाली.

नात काही बोलली नाही. उठून पेटीपाशी गेली आणि पंपाचे घड्याळ बरोबर चालले आहे ना ते पाहून आली. त्या दिवशी तिने वहीत आणखी एक रकाना आखला. एका बाजूला केएच, दुसऱ्या बाजूला 'पुण्याची आजी'. पहिल्या ओळीत ६.२ आणि १२१. दुसऱ्या ओळीत ६.८ आणि १३०. मग १३० वर काट मारून, रात्री, १२६.

त्या आठवड्यात मला झोप कमीच. रात्री उठून मी पेटीपुढे बसे. दिवे मंद निळे झालेले असत आणि वरून थेंब थेंब चुन्याचे पाणी पडत असे. हो, चुन्याचे! पेटीतले पाणी रोज काही लिटर उडून जाते. तेवढी भर जावईबापू साध्या पाण्याने न करता चुन्याच्या निवळीने करतात. त्यामुळे रोजच्या शिध्याला थोडा हातभार लागतो. कपाटातल्या डब्यावर 'काल्कवासर' असे भारदस्त जर्मन नाव होते. उघडून पाहते तो आपला फक्की चुना. पेटर व्हिल्केन्स नावाच्या प्रवाळपाळाने १९७० नंतरच्या दशकात जर्मन हौशी मंडळींत ही निवळी रूढ केली, आणि तिथून ती जगभर गेली. त्याआधी, १९६१ साली, जाकार्तातले ली चिन एंग यांनी समुद्राचे ताजे पाणी, जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ घरात जगवून दाखवले होते. पण त्यांना समुद्र जवळ होता. ज्यांना तो लांब, त्यांना त्याची उणीव डब्यातून भरून काढावी लागते.

निवळीची रीत मात्र मला कोणी शिकवायला नको होती. माझे माहेर रत्नागिरीचे. खाडीकाठच्या भट्टीत शिंपले भाजून चुना करीत. मुंबईच्या चुनाभट्टीला नाव पडले तेही अशाच भट्ट्यांवरून. तान्हे बाळ दूध ओकू लागले, की आमची आजी मडक्यात चुना भिजवून रात्रभर ठेवी आणि सकाळी वरचे नितळ पाणी दुधात थेंब थेंब घाली. तळाला हात लावायचा नाही, ढवळायचे नाही, वरची साय फोडायची नाही. ती साय म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जमलेला खडू, हे मी पुढे कॉलेजात शिकले. चुना गरम पाण्यापेक्षा थंड पाण्यात जास्त विरघळतो हेही तिथेच कळले. आजी मडके मोरीच्या गारव्यात का ठेवी, ते तेव्हा उलगडले. तिला मात्र ते कोणत्याच कॉलेजाने सांगितले नव्हते. कोकणात शिंपल्याचा चुना केला, आणि इथे चुन्याचा पुन्हा शिंपल्यासारखा दगड होत होता. ही निवळी भलतीच तिखट असते, सामू साडेबाराच्या जवळ. म्हणून ती रात्रीच, आणि थेंबानेच. अंधारात शेवाळाचे काम थांबते आणि पाण्याचा सामू उतरतो. तेवढीच ही त्याला सावरते.

बुधवारी रात्री जावईबापूंचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसले होते. पुन्हा पहिला प्रश्न तोच. मी म्हणाले, "सात पूर्णांक चार. आणि तुमच्या आईंचं?" "एकशे अठ्ठावीस. हळूहळू चढवताहेत." मग थोडे थांबून म्हणाले, "आई, इथे मला काही करता येत नाही हो. बाहेर बाकावर बसायचं. ते आकडा सांगतात, तो ऐकायचा. घरचा आकडा तेवढा... तो आपण चढवू शकतो."

माझा सोमवारचा राग कुठच्या कुठे गेला. मी त्यांना कॅल्शियमही सांगितले, ४१५. मॅग्नेशियमही सांगितले. विचारले नव्हते तरी पाण्याचे तापमान सांगितले. त्यांनी सगळे लिहून घेतले असावे. मधूनमधून "हं, हं" असे म्हणत होते.

शुक्रवारी केएच ८.३ झाला. आम्ही पंप ७० वर आणला. नातीच्या नारळाच्या दोन फांद्यांची टोके पांढुरकी झाली होती. बाकी सगळे शाबूत होते. त्या फांद्या छाटाव्यात की राहू द्याव्यात, यावर तिने पुण्याला फोन करून बापाशी पाऊण तास चर्चा केली. शेवटी राहू द्यायचे ठरले. एप्रिलात तिने फोटो पाठवला, तेव्हा त्यांच्यावर पुन्हा निळसर झाक आली होती.

विहीणबाई दहाव्या दिवशी घरी आल्या. बोलणे स्वच्छ, चालणे काठीने पण नीट. पुतण्याला त्याच्याच नावाने हाक मारली. मी फोन केला तेव्हा त्या तक्रारीच्या सुरातच होत्या. "काय सांगू विहीणबाई! चाळीस वर्षं मला सगळे सांगत आले, मीठ कमी खा, मीठ कमी खा. आणि आता हा तरणा डॉक्टर म्हणतो, आजी, मीठ का सोडलंत? आणि पाणी मोजून द्यायला लागलेत. मोजून! मी काय माशांची पेटी आहे?"

मी हसू आवरले. मग त्याच म्हणाल्या, "तो बाकावर बसून सारखा तुमच्याशी आकडे बोलत असायचा, ते मला ऐकू यायचं हो अर्धवट. मला वाटायचं, माझेच आकडे. किती आहे आता तुमच्या त्या पोवळ्यांना?"

"साडेआठ," मी म्हणाले.

"चांगलं ना?"

"उत्तम."

"मग झालं," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या मोजून दिलेल्या पाण्याची वेळ झाली होती.